दुसऱ्यांदा एस्किरोल

तुलूजच्या लाइन ए ला ड्रायव्हर नाही.
म्हणून पहिल्या डब्यात, पुढच्या काचेशी,
कुणीतरी लहान पोर नेहमी गाडी चालवत असतं.
आज सूफियान. वय नऊ. बेलफोंतेनला चढला,
पाठीवर दप्तर, हातात अर्धा खाल्लेला पाव.
शेजारच्या सीटवर, त्याच्या कितीतरी आधीपासून,
ओनोरीन काझालबू. वय सत्त्याऐंशी.
पिशवीतून लीकच्या हिरव्या शेपट्या बाहेर.

गाडी चिमुकली, चाकं रबरी.
फलाटाची काच आणि गाडीची काच
समोरासमोर येऊन थांबतात,
भांडण मिटलेल्या जावांसारख्या,
आणि मगच दार उघडतं.

प्रत्येक स्टेशन दोनदा सांगितलं जातं.
आधी फ्रेंचमध्ये, इस्त्री केलेल्या आवाजात.
मग ऑक्सितानमध्ये,
जी इथल्या आयांच्या तोंडात होती
शाळा यायच्या आधी.

आरेन.
आरेनोस.

“एकच नाव दोनदा का?” सूफियानने विचारलं,
नजर रुळांवरच. ड्रायव्हरने मागे बघायचं नसतं.
“एकच कुठे? र ऐक, र.”
पहिला र घशातला, गुळणी केल्यासारखा.
दुसरा जिभेच्या शेंड्यावरचा,
आपल्या बाराखडीत बसेल असा खणखणीत.

पात द्वा. पातो दाउको.
हंसाचा पंजा. वर रस्ते तसेच फुटतात.
सां-सिप्रियँला माणसं चढली, कोपरं जुळली,
आणि गाडी गारोनच्या खाली शिरली.

नदीखालून जायला मिनिटसुद्धा लागत नाही.
तेवढ्यात तिने अख्खी शाळा सांगितली.

खिडकीबाहेर अक्रोडावर खार होती.
मी ओरडले, एस्किरोल!
मास्तरांनी खार बघितलीच नाही.
दोरीला बांधलेली फळी काढली
आणि माझ्या गळ्यात घातली.
ती संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणाच्या गळ्यात द्यायची,
घरची भाषा जो बोलेल त्याच्या.
नाही दिली तर रात्री घरी न्यायची.
मी मधल्या सुट्टीत फिरमँला चिमटा काढला.
माझा धाकटा भाऊ. सहा वर्षांचा.
आई गं म्हणाला. घरच्यासारखं.
दिली त्याला.

“मग?”
मग काही नाही. तो आता जोलिमोंला राहतो.
सत्तर वर्षं झाली, माझ्याशी फ्रेंचच बोलतो,
मीठ दे, दार लाव, सगळं फ्रेंच.
मी म्हणते, ये एकदा मेट्रोने,
मशीन बोलतं बघ आपलं, सरकारी मशीन,
आणि कुणी त्याच्या गळ्यात काही घालत नाही.
तो बसने जातो.
बसमध्ये बाहेरचं दिसतं म्हणतो.

काचेपलीकडे उजेड आला.

एस्किरोल.
एस्किरोल.

पहिला घशातला. दुसरा शेंड्यावरचा.
डब्यात कुणी मान वर केली नाही.
एक बाई मोबाइलवर कांद्यांचे फोटो बघत होती.

सूफियानने एकदा मनात म्हणून पाहिलं असावं,
ओठ हलले. मग मोठ्यांदा,
“एस्किर्रोल!”
तो र त्याला शिकवावा लागलाच नाही.
त्याची आजी रिफच्या डोंगरातली, घरी असाच र
चहाच्या भांड्यासारखा दिवसभर उकळत असतो,
वर्गात मात्र तो गिळावा लागतो.

ओनोरीनने चटकन मागे वळून पाहिलं,
कुणी ऐकलं का.
हात गळ्याशी गेला.
तिथे मफलर होता, लोकरीचा,
आणि त्याला लीकची माती लागली.

दार मिटलं. पोराने गाडी सोडली.

कापितोल, म्हणाला आवाज,
आणि दोघंही
दुसऱ्याची वाट बघत थांबली.